रस्ता अखेरच्या धावपटूचाही

महानगराची श्रीमंती कशावरून ठरवावी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. करांचे उत्पन्न, बँकांतील ठेवी आणि गगनचुंबी इमारती ही त्याची नेहमीची मापे. या मापांनी पाहिले तर १९७५ सालचे न्यूयॉर्क हे जवळजवळ कंगाल झालेले शहर होते. अल्पमुदतीची कर्जे काढून चालू खर्च भागविण्याच्या सवयीमुळे नगरप्रशासनाची पत संपुष्टात आली होती. त्याचे रोखे घ्यावयास कोणी पुढे येत नव्हते आणि पोलिसांसह हजारो कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्यात आले होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीने ऐनवेळी रोखे खरेदी केले, म्हणून दिवाळखोरीची नामुष्की टळली. याच शहराने पुढच्या वर्षी, २४ ऑक्टोबर १९७६ रोजी, आपल्या पाचही विभागांतील रस्ते आणि पूल काही तासांसाठी धावणाऱ्यांच्या स्वाधीन केले. आज जगभरची महानगरे ज्या धर्तीवर मॅरेथॉन भरवितात, तिचा पाया त्या दिवशी घातला गेला. तो घालणाऱ्यांत अग्रणी होते फ्रेड लेबो. ते स्वतः वेगवान धावपटू कधीच नव्हते आणि त्यांच्या कार्याचे मर्म नेमके येथेच आहे.

लेबो यांचा जन्म ३ जून १९३२ रोजी रुमानियातील आराड या गावी एका सनातनी ज्यू कुटुंबात झाला. मूळ नाव फिशेल लेबोविट्स. दुसऱ्या महायुद्धात युरोपातील ज्यूंचा जो संहार झाला, त्यातून ते बचावले. युद्धानंतर रुमानियात साम्यवादी राजवट स्थिरावू लागली तेव्हा त्यांनी ऐन किशोरवयात घर सोडले. सीमा ओलांडीत, पडेल ते काम करीत, प्रसंगी चोरट्या मालाची ने-आण करीत त्यांनी दिवस काढले आणि अखेर अमेरिका गाठली. ज्याला स्वतःचे गाव उरले नाही, अशा माणसाने एका परक्या शहराला स्वतःची ओळख परत मिळवून द्यावी, हा योगायोग विलक्षण खरा.

न्यूयॉर्कमध्ये ते तयार कपड्यांच्या व्यवसायात स्थिरावले. श्रीमंतांसाठी बेतलेल्या महागड्या पोशाखांचे नमुने हेरावयाचे आणि स्वस्त कापडात त्यांच्या नकला करून सामान्य ग्राहकाला विकावयाच्या, हा त्यांचा धंदा. त्यात कलेचा मान नसेल. परंतु जे मूठभरांपुरते आहे ते अनेकांच्या आवाक्यात कसे आणावे, याची जाण या धंद्याने त्यांना दिली. टेनिस खेळताना दम टिकावा म्हणून वयाच्या पस्तिशीनंतर ते धावू लागले आणि पुढे धावण्यातच रमले. १३ सप्टेंबर १९७० रोजी न्यूयॉर्कची पहिली मॅरेथॉन सेंट्रल पार्कमध्ये झाली, तिचे लेबो हे एक संयोजक होते आणि स्पर्धकही. प्रवेशशुल्क एक डॉलर, एकूण खर्च सुमारे एक हजार डॉलर. १२७ जण धावले आणि ५५ जणांनी शर्यत पूर्ण केली. लेबो पंचेचाळिसावे आले. त्यांना ४ तास १२ मिनिटे लागली होती.

या ४ तास १२ मिनिटांना एक वेगळाच अर्थ आहे. १८९७ पासून चालत आलेल्या बॉस्टन मॅरेथॉनने त्याच १९७० साली वाढत्या गर्दीला आवर घालण्यासाठी एक अट लागू केली. चार तासांच्या आत अंतर कापण्याइतका सराव झाला असल्याची हमी नसेल तर स्पर्धेत प्रवेश नाही. म्हणजे ज्या वेगाने लेबो धावले, त्या वेगाच्या माणसाला बॉस्टनचे दार त्याच वर्षी बंद झाले. बॉस्टनचा निर्णय गैर होता असे नव्हे. रस्ता अरुंद असेल तर कोणाला तरी थांबवावेच लागते. परंतु मागणी वाढली की ती रोखावी की पुरवठा वाढवावा, हा प्रश्न उरतोच. बॉस्टनने पहिला मार्ग पत्करला. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या धावपटूंच्या संघटनेचे अध्यक्षपद लेबो यांच्याकडे आले आणि त्यांनी पुढे दुसरा मार्ग चोखाळला.

त्याच वर्षी त्यांनी केवळ स्त्रियांसाठी रस्त्यावरील शर्यत भरविली; तीत ७८ जणी धावल्या. तिच्या प्रसिद्धीसाठी योजलेल्या काही क्लृप्त्या आज कोणालाही रुचणार नाहीत. पण त्या काळी स्त्रीचे शरीर लांब पल्ल्याला झेपणारे नाही, असे समजणारे अधिकारी ॲथलेटिक्स संघटनेत होते. त्यांच्या नियमानुसार स्त्रियांनी पुरुषांच्या दहा मिनिटे आधी निघावयाचे होते. १९७२ च्या न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये सहा जणींनी या नियमाचा निषेध म्हणून आरंभरेषेवर बैठक मारली आणि दहा मिनिटांनी पुरुषांबरोबरच धाव घेतली. पुढे स्त्रियांच्या लांब पल्ल्याच्या धावण्याला न्यूयॉर्कमध्ये जे स्थान मिळाले, त्याची सुरुवात अशी झाली.

१९७६ साली अमेरिकन स्वातंत्र्याला दोनशे वर्षे पूर्ण होत होती. त्या निमित्ताने शर्यत उद्यानाबाहेर काढून शहराच्या पाचही विभागांतून न्यावी, ही कल्पना मुळात लेबो यांची नव्हे. आरंभी तर ते साशंकच होते. मॅनहॅटन विभागाचे अध्यक्ष पर्सी सटन यांनी ती उचलून धरली आणि महापौर एब्राहम बीम यांची संमती मिळविली. बांधकाम व्यवसायातील रुडिन कुटुंबाने २५ हजार डॉलर देऊ केले. एकदा होकार दिल्यावर मात्र लेबो यांनी स्वतःला या कामात झोकून दिले. ४२.१९५ किलोमीटरच्या शर्यतीची तयारी म्हणजे धावणाऱ्याचा सराव, अशी आपली समजूत असते. वस्तुतः तितकीच तयारी शहरालाही करावी लागते. वाहतूक कोणत्या घटकेला थांबवावयाची आणि केव्हा सोडावयाची, पाणी कोठे द्यावयाचे, भोवळ आलेल्याला कोणी उचलावयाचे, वेळा कोणी नोंदवावयाच्या, या प्रत्येक प्रश्नाला हजारो स्वयंसेवकांच्या श्रमांखेरीज उत्तर नसते. त्या दिवशी २,०९० जणांनी स्टेटन आयलंडहून धाव घेतली आणि १,५४९ जण सेंट्रल पार्कमधील अंतिम रेषेपर्यंत पोहोचले. पुरुषांत बिल रॉजर्स आणि स्त्रियांत मिकी गोर्मन विजयी झाले.

पण खरा चमत्कार घडला तो रस्त्याच्या कडेला. ज्या वस्त्यांत परक्याने पाऊल टाकू नये असे बोलले जात होते, तेथील रहिवासी पदपथांवर येऊन अनोळखी धावपटूंना प्रोत्साहन देऊ लागले. प्रेक्षकाला तिकीट नव्हते, राखीव आसन नव्हते. घरातून बाहेर पडले की तो या उत्सवाचा भागीदार होई. तिजोरी रिकामी असलेल्या नगरपालिकेजवळ नागरिकांना देण्याजोगे जे उरले होते, ते म्हणजे त्यांचे स्वतःचेच रस्ते. ते तिने एका दिवसापुरते दिले आणि त्या मोबदल्यात शहराला परस्परविश्वास मिळाला. कोणत्याही ताळेबंदात हा जमेचा आकडा दिसत नाही. परंतु त्यावाचून कोणतेही शहर उभे राहत नाही.

लेबो संत नव्हते. नामवंत धावपटू यावेत म्हणून, हौशी खेळाडूंचे नियम कडक असतानाही, ते पडद्याआडून पैसे देत. १९८४ पासून न्यूयॉर्कमध्ये रोख बक्षिसे उघडपणे दिली जाऊ लागली आणि हा लपंडाव बराचसा संपला. ढिलाईचेही डाग लागले. १९७९ च्या शर्यतीत एका स्पर्धक महिलेने भुयारी रेल्वेने प्रवास करून अंतिम रेषा गाठल्याचे पुढील वर्षी उघड झाले. १९८१ मध्ये आल्बेर्तो सालाझार यांनी नोंदविलेला विश्वविक्रम, मार्ग सुमारे १५० मीटरांनी कमी भरल्याचे फेरमोजणीत आढळल्यामुळे बाद ठरला. लेबो यांच्या एकतंत्री कारभाराबद्दलही तक्रारी होत्या. तथापि या सर्व व्यवहारात एक सूत्र त्यांनी सोडले नाही. विजेत्यांमुळे वृत्तपत्रांचे मथळे मिळतात, पण शर्यत टिकते ती मागून येणाऱ्या हजारोंवर, हे त्यांनी ओळखले होते.

१९९० मध्ये त्यांना मेंदूचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. उपचार सुरू असतानाही रुग्णालयात फेऱ्या मारून ते पायांतील बळ टिकवीत राहिले. १९७६ पासून शर्यतीच्या व्यवस्थेत गुंतल्यामुळे पाच विभागांचा तो मार्ग ते स्वतः कधी धावले नव्हते. १ नोव्हेंबर १९९२ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, ते त्या मार्गावर उतरले. सोबतीला ग्रेटे वाइट्झ होत्या. १९७८ ते १९८८ या काळात ही शर्यत नऊ वेळा जिंकणाऱ्या या नॉर्वेजियन धावपटूने त्या दिवशी आपला वेग बाजूला ठेवून एका आजारी माणसाच्या पावलाशी पाऊल जुळविले. त्यांना ५ तास ३२ मिनिटे लागली. विजेता तीन तासांहून अधिक आधी पोहोचला होता, तरी लोक रस्त्यावरून हलले नव्हते. ९ ऑक्टोबर १९९४ रोजी, पंचविसाव्या शर्यतीला महिना उरला नसताना, लेबो यांचे निधन झाले. घड्याळाकडे पाहणारा त्यांचा पुतळा सेंट्रल पार्कमध्ये उभा आहे.

न्यूयॉर्कच्या १९७९ च्या शर्यतीत धावून परतलेल्या ख्रिस ब्रॅशर आणि जॉन डिस्ले यांनी १९८१ मध्ये लंडन मॅरेथॉन सुरू केली. २००४ पासून मुंबईच्या रस्त्यांवरही अशी शर्यत होऊ लागली. आज न्यूयॉर्कमध्ये पन्नास हजारांहून अधिक लोक धावतात आणि एक डॉलरचे शुल्क शेकडो डॉलरांवर गेले आहे. व्यवस्थेचा खर्च वाढला, तो कोणीतरी सोसलाच पाहिजे, हे मान्य. पुरस्कर्त्यांचा पैसाही त्याज्य नाही. परंतु शर्यतीसाठी वापरला जाणारा रस्ता पुरस्कर्त्याचा नसतो. त्या दिवशी वळसा घालून कामावर जाणारा कामगार, दुकान उशिरा उघडणारा दुकानदार आणि पहाटेपासून उभा राहिलेला पोलीस हे सारे त्या शर्यतीला न मोजलेले अर्थसाहाय्य देत असतात. त्याची परतफेड व्हावयाची तर शर्यत त्यांचीही असली पाहिजे. म्हणून अशा मॅरेथॉनचे यश पहिल्याच्या वेळेवरून वा जाहिरातींच्या उत्पन्नावरून ठरवू नये. अखेरचा धावपटू येईपर्यंत किती माणसे रस्त्याच्या कडेला आपखुशीने उभी राहिली, यावरून ते ठरवावे.