सलीम अलींच्या हातात बंदूक का असायची?
पक्ष्यांचा एवढा मोठा अभ्यासक आणि हातात बंदूक? अनेकांना हे खटकतं. १८९६ साली मुंबईत जन्मलेले सलीम अली लहानपणीच पोरके झाले, मामांकडे वाढले. त्यांनी एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! मामांनी त्यांना बीएनएचएसच्या मिलार्ड साहेबांकडे धाडलं. ठिपका शाबूत होता, म्हणून ओळख पटली.

नमुने गोळा करायचं गणितही हेच. छोट्या पाखराला अगदी बारीक छर्‍यांचं काडतूस लागतं. जाड छर्‍याने पिसांच्या चिंधड्या होतात, मग अभ्यास कशाचा करणार? नुसत्या हौसेखातर पाखरं मारणं मात्र त्यांना पुढे मान्य नव्हतं.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तर लासुर्ण्याच्या माळावरच्या तितरावरही, परवान्याची बंदूक असली तरी, नेम धरता येत नाही.