जीवकाची परीक्षा आणि मगधातले रोगी

डी. फार्म., नर्सिंग, बीएएमएस करणारी आपल्या वस्त्यांतली मुलंमुली परीक्षा जवळ आली की एकमेकांना औषधे विचारत बसतात. कोणते औषध कशावर, किती मात्रेत, तोंडावाटे की सुईने, आणि कोणाला देऊ नये. औषधांच्या ज्ञानाची अशीच एक परीक्षा आपल्या परंपरेत अडीच हजार वर्षे सांगितली जाते. ती देणारा विद्यार्थी म्हणजे तथागतांचा वैद्य जीवक कोमारभच्च.

विनयपिटकातील महावग्गात त्याची हकिकत आहे. राजगृहातील गणिका सालवतीच्या पोटी तो जन्मला. मुलगा झाला म्हणून तिने त्याला जुन्या सुपात घालून उकिरड्यावर टाकायला लावले. तिथून जाणाऱ्या अभय राजकुमाराला कावळ्यांनी वेढलेले ते बाळ दिसले. जिवंत आहे असे कळले म्हणून नाव जीवक, आणि कुमाराने पोसले म्हणून कोमारभच्च. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये त्याच्या जन्माची ही गोष्ट लपवलेली नाही. मोठा झाल्यावर त्याला कळून चुकले की हातात विद्या नसेल तर राजवाड्यात आपला निभाव लागणार नाही. अभयला न सांगताच तो तक्षशिलेला निघाला. तक्षशिला आज पाकिस्तानात, रावळपिंडीजवळ आहे, राजगीर बिहारमध्ये. हे अंतर एकदा नकाशावर पाहावे.

सात वर्षे शिकूनही विद्येचा अंत लागेना, म्हणून त्याने गुरूंना विचारले. गुरूंनी हातात कुदळ दिली आणि तक्षशिलेभोवती एक योजन फिरून जे औषधी नाही ते आणायला सांगितले. जीवक रिकाम्या हाताने परतला. औषधी नाही असे काहीच सापडले नव्हते. तो उत्तीर्ण झाला. गुरूंनी वाटखर्चाला थोडेसे दिले आणि निरोप दिला.

ही गोष्ट आपल्याकडे बहुधा निसर्गाची थोरवी सांगायला वापरतात. आम्हाला ती वेगळी वाटते. प्रत्येक वनस्पती औषध आहे याचा अर्थ प्रत्येक वनस्पती शरीरावर काहीतरी करते. मग ती कोणाला, किती, कोणत्या वाटेने द्यायची, हे कळणे म्हणजे वैद्यकी. झाडपाला आहे, त्याने अपाय होत नाही असे म्हणणाऱ्यांनी जीवकाचे नाव घेऊ नये.

त्याचे पुढचे रोगी पाहा. साकेतमध्ये वाटखर्च संपला, तेव्हा एका श्रेष्ठीच्या पत्नीची सात वर्षांची डोकेदुखी त्याने औषधी तुपाचे नस्य देऊन बरी केली आणि 16,000 कार्षापण मिळवले. ही पहिली कमाई त्याने अभयपुढे ठेवली. अभयने ती घेतली नाही. उज्जेनीच्या पज्जोत राजाला पांडुरोग झाला होता. त्यालाही तूपच हवे होते, पण राजाला तुपाचा तिटकारा. जीवकाने तुपाला काढ्याचा रंग, वास आणि चव येईल असे ते सिद्ध केले, पाजले आणि राजाला तुपाची ढेकर येण्याआधी हत्तिणीवरून पळ काढला. पाठलागावर आलेल्या काक नावाच्या दासाला त्याने अर्ध्या आवळ्यातून रेचक दिले. तो जागीच अडकला. आज रोग्याला न सांगता औषध देणे कोणी मान्य करणार नाही, आम्हीही करत नाही. पण राजा मारूनही टाकेल, ही भीती खरी होती.

तथागतांना रेच द्यायची वेळ आली तेव्हा त्याने हेच ज्ञान किती हळुवारपणे वापरले! जहाल रेचक त्यांना देणे त्याला योग्य वाटले नाही. आधी अंगाला तेल लावून शरीर स्निग्ध करायला सांगितले, मग औषधांनी भारलेली कमळे नुसती हुंगायला दिली.

इथपर्यंतचा जीवक आपल्या भाषणांत असतो. पुढचे पान सहसा वाचले जात नाही.

बिंबिसार राजाचे भगंदर त्याने एका लेपाने बरे केले. तेव्हा राजाने त्याला आपली, अंतःपुराची आणि बुद्धप्रमुख भिक्खू संघाची सेवा नेमून दिली. त्याच काळात मगधात कुष्ठ, गंड, किलास हा त्वचारोग, क्षय आणि अपस्मार असे पाच आजार पसरले. रोगी जीवकाकडे येत. सर्व संपत्ती देतो, तुझे दास होतो, पण बरे कर, अशी विनवणी करत. राजाचे, अंतःपुराचे आणि संघाचे काम आहे असे सांगून तो त्यांना परत पाठवी. मग लोकांनी वाट काढली. चीवर घातले की भिक्खू सेवा करतात आणि जीवक औषध देतो, म्हणून ते प्रव्रज्या घेऊ लागले. रोग्यांसाठी अन्न आणि औषध मागता मागता भिक्खूंची दमछाक झाली. जीवकाचीही राजाची काही कामे मागे पडली. एक जण असाच बरा होऊन चीवर टाकून निघून गेला. तो जीवकाला भेटला आणि हे सगळे उघडकीस आले. नाराज जीवकाने तथागतांकडे जाऊन विनंती केली की या पाच रोगांच्या माणसांना प्रव्रज्या देऊ नये. तसा नियम झाला.

संघाचा रुग्णाश्रम होऊ नये हे आम्हाला पटते. जीवक एकटा होता हेही खरे. पण त्या माणसाला लबाड म्हणायला आमची जीभ वळत नाही. राज्यातला सर्वात जाणता वैद्य राजवाड्याला आणि विहाराला वाटून दिला होता. बाकीच्यांसाठी मगधात दुसरी काय सोय होती? रेशनकार्ड किंवा योजनेचे कार्ड हातात घेऊन एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरणारी माणसे आम्ही कामात रोज पाहतो. नियमात बसण्यासाठी तीही काहीबाही सांगतात.

जीवकाने आपले आम्रवन संघाला दिले. राजगीरला त्या जागी लंबवर्तुळाकार दालनांचे पाये उत्खननात सापडले आहेत. पित्याच्या हत्येनंतर अस्वस्थ झालेल्या अजातशत्रूला त्यानेच तथागतांकडे नेले. आणि थेरवादी परंपरेत आजही उपसंपदा घेणाऱ्याला भर संघात विचारले जाते की तुला कुष्ठ आहे का, गंड आहे का, किलास आहे का, क्षय आहे का, अपस्मार आहे का.