प्रोबेशनवरची एक मुलगी

आमच्या मालवणकडे वाल कधी घाईने रांधत नाहीत. आधी भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे आणि मग मऊ शिजवायचे. आईने हे आयुष्यभर कारण न विचारता केले. ज्यांनी कारण शोधले, त्यांत एक मराठी बाई होत्या : डॉ. कमला सोहोनी.

माहेरच्या त्या कमला भागवत. जन्म १९११ चा. दुर्गाबाई भागवत त्यांच्या थोरल्या बहीण. मुंबईत बी. एस्सी. होऊन १९३३ साली त्यांनी बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटकडे अर्ज केला. वडील आणि काका तिथेच शिकलेले. तरीही नोबेलविजेते संचालक सर सी. व्ही. रामन यांनी, मुलगी म्हणून, नकार कळवला. कमलाबाईंनी थेट बंगलोर गाठले. अखेर प्रवेश मिळाला, पण एक वर्षाच्या अटीवर. बँकेत लागलो तेव्हा मीही प्रोबेशनवर होतो. पण तिथे परीक्षा माझ्या कामाची होती, माझ्या पुरुष असण्याची नव्हे.

श्रीनिवासय्यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षअखेर रामन यांचे मत पालटले आणि संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. पुढे केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना, पेशींच्या श्वसनात भाग घेणारे सायटोक्रोम-सी हे प्रथिन वनस्पतींतही असल्याचे त्यांनी दाखवले. १९३९ साली तिथली डॉक्टरेट घेऊन त्या मायदेशी परतल्या.

मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी आपल्याच ताटाकडे पाहिले. वालासारख्या कडधान्यांत एक प्रथिन असते. ते आपल्या पोटातील ट्रिप्सिन या पाचक विकराला नेमके जाऊन चिकटते आणि त्याचे काम अडवते. उष्णतेने त्याची घडी मोडते, म्हणून वाल नीट शिजवायचे. नीरेचे पोषणमूल्यही त्यांनी तपासले. त्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार लाभला. पुढे त्या संस्थेच्या संचालक झाल्या.

प्रथिनाचे काम त्याच्या घडीवर ठरते. आज संगणकावर नव्या घड्यांची प्रथिने रचली जातात. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्याच क्षेत्राला मिळाले. कमलाबाईंच्या हाती होत्या त्या परीक्षानळ्या आणि चिकाटी.

१९९८ साली त्या गेल्या. रामन यांची थोरवी त्यांना मान्य होती, पण तो नकार त्या कधी विसरल्या नाहीत. मला ते रास्त वाटते. यश मिळाले म्हणून अन्यायाचे खाते आपोआप बंद होत नाही.