कप्तान आर्थर रोस्ट्रन

भर समुद्रात बोट निकामी झाली आणि उतारू होड्यांत बसले, म्हणजे संकट टळले, असे आम्हां किनाऱ्यावरच्या माणसांना वाटते. आमच्या गोमंतकातील ज्या घरांतून कोणी बोटीवर चाकरीस गेले आहे, तेथे मात्र ठाऊक असते की खरी कसोटी पुढेच आहे. थंडीने काकडलेला माणूस डुलत्या होडीतून दुसऱ्या बोटीच्या उभ्या भिंतीवर चढणार कसा? हा विचार आधीच करून ठेवणाऱ्या एका कप्तानाचे हे चरित्र.

आर्थर रोस्ट्रन यांचा जन्म १८६९ साली इंग्लंडातील बोल्टन गावाजवळ झाला. किशोरवयातच ते 'कॉनवे' या शिक्षणनौकेवर गेले, पुढे शिडाच्या जहाजांवर राबले आणि १८९५ साली क्यूनार्ड कंपनीत शिरले. १९१२ च्या आरंभी 'कार्पेथिया' त्यांच्या हाती आली.

त्याच वर्षी १५ एप्रिलला, मध्यरात्र उलटल्यावर, 'टायटॅनिक' हिमनगावर आदळल्याची बिनतारी वार्ता त्यांच्या खोलीत पोहोचली. अंतर ५८ सागरी मैल. रोस्ट्रन यांनी प्रथम बोट वळविण्याचा हुकूम सोडला, आणि बातमी खरी ना, हे मागाहून विचारले!

उतारूंच्या खोल्या उबदार ठेवणारी वाफ त्यांनी यंत्रांकडे वळविली. तिन्ही भोजनगृहांत एकेक डॉक्टर नेमला. कांबळी, कॉफी, सूप सिद्ध झाले. बोटीच्या कुशीतील दरवाजांतून दोरशिड्या सोडण्याची तजवीज झाली. चढवणार नाही त्यांच्यासाठी दोरांना टांगलेल्या खुर्च्या आणि लहान मुलांसाठी राख वाहण्याच्या किंतानी पिशव्या! ही शेवटची युक्ती आम्हांला सर्वांत मोलाची वाटते.

परंतु त्यांच्या स्वतःच्या बोटीवरही ७०० हून अधिक उतारू होते, आणि वाट बर्फातून होती. भरधाव जाऊनच 'टायटॅनिक' बुडाली. मग दोघांत भेद तो काय? रोस्ट्रन यांनी टेहळणीस जादा माणसे उभी केली, हिमनग चुकवीत बोट नेली. तरीही ते साहसच होते, हे आम्ही नाकारीत नाही.

पहाटे चारच्या सुमारास पहिली होडी गवसली. साडेआठपर्यंत ७०० वर जीव वर घेतले गेले. मुले त्या पिशव्यांतूनच आली. सुमारे १,५०० माणसे तत्पूर्वीच गेली होती. 'टायटॅनिक'वर होड्या मुळातच अपुऱ्या, त्यातही कित्येक अर्ध्या रिकाम्या निघाल्या होत्या.

१९१८ साली 'कार्पेथिया' पाणतीराने बुडाली. रोस्ट्रन १९२६ मध्ये 'सर' झाले आणि १९४० च्या नोव्हेंबरात निवर्तले. १९८५ साली 'टायटॅनिक'चा सांगाडा सापडला, तेव्हा त्या रात्री कळविलेले ठिकाण सुमारे १३ मैलांनी चुकीचे होते, हे उघड झाले. होड्या सुदैवाने रोस्ट्रन यांच्या वाटेवरच होत्या. एका होडीतील हिरवा उजेड त्यांना दुरून दिसला होता.