सेनासाहेब सुभ्यांची तलवार

लीड्सला पाहुणे आले की त्यांना रॉयल आर्मरीज दाखवायचं, हा आमच्या घरचा शिरस्ता. प्रवेश फुकट, आणि हत्तीचं चिलखत बघून लहानथोर सगळेच खूश! गेल्या खेपेला भारतीय तलवारींसमोर मुलाने विचारलं, बाबा, यातली आपली कुठली? मला काही सांगता येईना. मग मी त्याला २०२५ साली लंडनच्या लिलावात महाराष्ट्र सरकारने घेतलेल्या तलवारीची गोष्ट सांगितली. किंमत सत्तेचाळीस लाख पंधरा हजार रुपये. मालक नागपूरकर रघुजी भोसले, पहिले.

रघुजींचा जन्म १६९५चा. चुलते कान्होजी हे सेनासाहेब सुभा. त्यांचं शाहू महाराजांशी बिनसलं, तेव्हा महाराजांनी रघुजींनाच त्यांच्यावर पाठवलं. पुतण्याने काकाला कैद केलं आणि पद पुतण्याकडे आलं. १७४० मध्ये कर्नाटकच्या मोहिमेत अर्काटचा नवाब दोस्त अली पडला. पुढच्या वर्षी त्रिचनापल्ली घेऊन रघुजींनी चंदासाहेबाला पकडलं. देवगडच्या गोंड घराण्यातल्या भाऊबंदकीत ते मदतीला म्हणून गेले आणि शेवटी नागपूरला स्वतःचंच राज्य थाटून बसले.

१७४२ पासून बंगालवर स्वाऱ्या सुरू झाल्या. त्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर यांना अलिवर्दीखानाने १७४४ मध्ये भेटीला बोलावून दग्याने मारलं. रघुजी हटले नाहीत. १७५१ च्या तहात वर्षाला बारा लाखांची चौथाई कबूल करून घेतली, ओरिसाही हाती आला. १७५५ मध्ये ते गेले.

हे सगळं मी ऑफिसातल्या बंगाली मित्राला अभिमानाने सांगायला गेलो, तर तो गप्पच झाला. त्यांच्याकडे आया मुलांना झोपवताना बर्गी आल्याची भीती घालत. बर्गी म्हणजे आपले बारगीर! गावं लुटली, जाळली, माणसं परागंदा झाली. शाळेच्या पुस्तकात मला हे कधी भेटलंच नव्हतं.

पुढे १८१७ मध्ये सीताबर्डीला नागपूरकर हरले, १८५४ मध्ये राज्य खालसा झालं आणि राजवाड्यातलं जडजवाहीर लिलावात गेलं. आता ही तलवार ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईला पोचली. गंमत म्हणजे तिचं पातं युरोपात घडलेलं, म्हणून तर अशा तलवारीला फिरंग म्हणतात. मुठीवर सोन्याची नक्षी आणि पात्यावर सोन्यात, देवनागरीत रघुजींचं नाव.

यंदा आमच्या दिवाळीच्या किल्ल्यात (पावसामुळे तो दिवाणखान्यातच!) मुलाने एक स्वार नागपूरचा म्हणून उभा केलाय. फराळाला तो बंगाली मित्र सहकुटुंब येणार आहे. स्वार कोण, हे त्यांना विचारल्यावर सांगायचं, पण बंगालचा भाग न गाळता सांगायचं, असं मी चिरंजिवांना बजावून ठेवलंय.