फ्लॉरेन्स नाइटिंगेल व रुग्णालयांतील मृत्यु

हातांत दिवा घेऊन जखमी शिपायांच्या खाटांमधून रात्रीं फिरणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचें चित्र आमच्या विद्यार्थ्यांनीं पाहिलें असेलच. त्याच बाई आंकड्यांच्याहि मोठ्या जाणकार होत्या, हें मात्र थोड्यांस ठाऊक असतें.

बाईंचा जन्म १२ मे १८२० रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं एका श्रीमंत इंग्रज कुटुंबांत झाला. कुलीन स्त्रीनें रुग्णसेवा करावी हें त्या काळीं कोणासहि रुचत नसे, आणि घरच्यांचा विरोध तर कडवा होता. तरी देवानें आपणांस सेवेस बोलाविलें आहे ही त्यांची श्रद्धा ढळली नाहीं. १८५१ सालीं जर्मनींतील कायझर्सवर्थ येथें ख्रिस्ती सेविकांच्या संस्थेंत त्यांनीं शिक्षण घेतलें.

क्रिमियाचें युद्ध चालू असतां, १८५४ च्या नोव्हेंबरांत, ३८ स्त्रियांसह त्या तुर्कस्तानांतील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयांत पोंचल्या. अन्न, कपडे, अंथरुणें त्यांनीं मिळविलीं, तरी मृत्यु वाढतच गेले. १८५५ च्या फेब्रुवारींत शेंकडा सुमारें ४२ रोगी दगावले. बहुतेकांचा बळी जखमांनीं घेतला नव्हता. हगवण, पटकी व ज्वर यांनीं घेतला होता, आणि हे रोग कित्येकांस रुग्णालयांतच जडले होते. इमारतीखालचीं गटारें तुंबलेलीं होतीं. मार्चमध्यें आलेल्या आरोग्यमंडळानें तीं उपसविलीं व हवा खेळती केली. जूनमध्यें मृत्यूंचें प्रमाण शेंकडा २ च्या आसपास आलें.

स्वदेशीं परतल्यावर विल्यम फार या आंकडेशास्त्रज्ञाच्या साह्यानें बाईंनीं सारा हिशेब तपासला. ज्या ठिकाणीं आपण अहोरात्र राबलों तें रुग्णालयच शिपायांस मारक ठरलें होतें, हें पाहून त्यांस काय वाटलें असेल! १८५८ सालीं त्यांनीं रंगीत आकृति काढून रोगानें व जखमांनीं झालेले मृत्यु महिनावार दाखविले. १८६० सालीं, लंडन येथें भरलेल्या आंकडेशास्त्रज्ञांच्या परिषदेपुढें, सर्व रुग्णालयांनीं एकाच नमुन्याच्या नोंदी ठेवाव्या अशी सूचना त्यांनीं मांडली. आगाशींतील ज्या मुली परिचारिकेचें शिक्षण घेण्यास मुंबईस जातात, त्यांना रोग्याचा ताप, टांके, नळ्या यांची रोज नोंद करावी लागते, तिच्यामागें हाच विचार आहे.

मला स्वतःला त्यांची पुढील कृति याहून थोर वाटते. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयांत त्यांच्या निधींतून सुइणींची एक शाळा चालली होती. तेथें बाळंतिणी सूतिकाज्वरानें मरूं लागल्या, तेव्हां १८६७ सालीं ती बंद झाली. बाईंनीं मग ठिकठिकाणचे आंकडे जमविले. घरीं बाळंत होणाऱ्या स्त्रियांपेक्षां प्रसूतिगृहांतील स्त्रिया अधिक मरतात, असें त्यांस आढळलें. आणि तें त्यांनीं १८७१ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलें. स्वतःच्या संस्थेविरुद्ध अशी साक्ष देणारे लोक विरळा.

हिंदुस्थानांत त्या कधींच आल्या नाहींत. तरी येथील आरोग्याचा त्यांनीं वर्षानुवर्षें अभ्यास केला, व पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं त्यांचा पत्रव्यवहार होता.

१३ ऑगस्ट १९१० रोजीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, त्या निवर्तल्या. वेस्टमिन्स्टर ॲबेमधील दफनाचा मान त्यांच्या आप्तांनीं नाकारला. हॅम्पशायरमधील एका खेड्याच्या चर्चच्या आवारांत, आईबापांजवळ, त्यांस मूठमाती दिली. थडग्यावर त्यांच्या नांवाचीं केवळ आद्याक्षरें कोरलेलीं आहेत.