हेन्री डार्सी: भेगांमधल्या साठ्याच्या गणिताची सुरुवात

पाथरीला आमच्या शेतात बोअर घेतला, तेव्हा पहिल्या दिवशी अडीच इंच पाणी लागलं. त्या भरवशावर पाइपलाइनसाठी कर्ज काढायचं ठरत होतं. महिनाभरात पाणी अर्ध्यावर आलं. आपल्याकडच्या काळ्या खडकात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, पाणी भेगांतून येतं. भेग पटकन रिकामी होते, वरचा मुरूम तिला हळूहळू भरतो. भेगाळ खडकातल्या नैसर्गिक वायूचं कोडंही असंच आहे. आणि त्याचं गणित सुरू होतं हेन्री डार्सीपासून.

डार्सीचा जन्म 1803 साली फ्रान्समधल्या दिजाँ गावचा. वडील लहानपणीच गेले. पॅरिसला शिकून तो सरकारी अभियंता झाला. दिजाँमध्ये तेव्हा चांगल्या पाण्याची बोंब होती. गावात खोल बोअर घेतला, पाणी लागलं, पण पुरेना. मग डार्सीने रोझ्वार झऱ्याचं पाणी सुमारे साडेबारा किलोमीटरच्या झाकलेल्या कालव्यातून 1840 मध्ये गावात आणलं. मोबदला घेतला नाही. 1848 च्या क्रांतीनंतर राजकारणामुळे त्याला दिजाँ सोडावं लागलं. तब्येत ढासळल्यावर तो परतला आणि वाळू भरलेल्या उभ्या नळ्यातून पाणी सोडून मोजत बसला. 1856 मध्ये त्याचा नियम छापला गेला: पाण्याच्या पातळीतला फरक वाढला की प्रवाह त्याच प्रमाणात वाढतो, वाळूचा थर जाड झाला की कमी होतो. 1858 मध्ये तो वारला.

हा नियम प्रवाहाचा वेग सांगतो, साठा नाही. साठ्यासाठी दाब बघावा लागतो. समजा, ठरावीक वायू काढल्यावर बंदिस्त साठ्याचा सरासरी दाब दहा टक्के उतरला, तर मूळ साठा काढलेल्या वायूच्या साधारण दहापट. मेख अशी, की सुरुवातीला फक्त भेगांचा दाब पडतो, आतला खडक अजून भरलेलाच असतो. तेव्हा मोजलं तर साठा कमी दिसतो. उलट पहिल्या दिवसाचा जोर बघून अंदाज बांधला, तर तो फुगतो. म्हणून विहीर बंद ठेवून भेगा आणि खडक यांचा दाब सारखा होऊ द्यायचा, मगच मोजायचं.

आम्ही कर्ज काढलं नाही. आता बोअर आठ तास चालवतो, मग बंद ठेवून पाणी किती वर येतं ते दोरी सोडून बघतो. पाथरीत पहिल्या दिवसाचे इंच सगळेच सांगतात. तुम्ही महिन्यानंतरचे विचारा.